मधल्या रांगेतला वाटाणा

"मुळीक, ही दोन्ही पानं वाटाण्याचीच आहेत ना? की यातलं एक शेजारच्यांच्या तुळशीचं आहे?"

कारखानीस मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली खाली जायचा. त्या शुक्रवारी तो इतका खाली गेला होता की पंख्याच्या घरघरीत मला तो कान देऊन ऐकावा लागत होता. आता माझी स्वतःची पोरं, म्हणजे विद्यार्थी, माझ्याबद्दल हेच सांगतात. पण तेव्हा मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभी होते आणि टेबलावर माझ्या वर्षभराच्या कष्टांचे काळेपांढरे फोटो पसरलेले होते.

"दोन्ही वाटाण्याचीच आहेत, मॅडम."

"मग याला घड्या आहेत आणि याला का नाहीत?"

हे घड्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं. पान उन्हात साखर तयार करतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण ती साखर पानातच बसून राहिली तर शेंगेला काय उपयोग? ती शिरांमधल्या बारीक नळ्यांतून खाली जायला हवी, आणि नळीत ती आपोआप शिरत नाही. नळीला खेटून काही खास पेशी बसलेल्या असतात. त्या आजूबाजूची साखर ओढून घेतात आणि नळीत भरून देतात. वाटाण्याच्या पानात या पेशींच्या भिंतीला आतल्या बाजूने घड्याच घड्या असतात, कारण जेवढ्या घड्या जास्त तेवढी साखर ओढायला जागा जास्त. आम्ही त्यांना ट्रान्सफर सेल म्हणायचो. मी मात्र मनातल्या मनात त्यांना हमालीण म्हणायची.

माझं सगळं एम.फिल. या हमालिणींच्या घड्यांवर उभं होतं. त्या पाहायला लागणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा कोल्हापुरात नव्हता. पुण्याच्या एका संस्थेत मॅडमनी रदबदली करून मला पाळी मिळवून दिली होती. मी पानांचे तुकडे जिवापाड सांभाळत एस.टी.ने गेले आणि फोटो घेऊन परत आले. निम्म्या फोटोंत घड्या अशा दाट की मोजता मोजता डोळे फिरावेत. उरलेल्या निम्म्यांत भिंती जवळजवळ कोऱ्या, कुठे एखादी सुरकुती असली तर असली.

"एकच बी, एकच माती, एकच गच्ची," मॅडम म्हणाल्या. "तरी असं होत असेल तर एक तर तू तुकडे बनवताना हयगय केलीस, नाही तर नमुन्यांची सरमिसळ केलीस. सोमवारी समितीसमोर यातलं काय सांगणार आहेस?"

"मी सरमिसळ केलेली नाही."

"मग तिसरं कारण शोध. सोमवारच्या आत."

सोमवारी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात संशोधक विद्यार्थी निवडायचा होता. जागा एक आणि आम्ही उमेदवार तिघं. ती मिळाली तर विद्यावेतन, पीएच.डी. आणि पुढची सगळी वाट मोकळी. नाही मिळाली तर आमच्या गावी, परिंच्याच्या हायस्कुलात शास्त्राची बाई हवीच होती, आणि दादांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता. दादा, म्हणजे माझे वडील, काही दुष्ट नव्हते. बियाणं म्हणून शेतातला उत्तम वाटाणा त्यांनीच मला निवडून दिला होता. पण निघताना ते म्हणाले होते, "नाहीच जमलं तर ये परत. काही बिघडत नाही." त्यांच्या त्या 'काही बिघडत नाही'चीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

मी फोटो गोळा केले, सायकल काढली आणि दातओठ खात राजारामपुरी गाठली.

तिथल्या एका गल्लीत गोदाक्का इंगवल्यांच्या घरात वरची खोली मी भाड्याने घेतली होती. आक्कांचा मुलगा फौजेत होता आणि यजमान साखर कारखान्यावर. उसाचा हंगाम सुरू झाला की तेही तिकडेच मुक्कामाला. मग घरात आक्का एकट्याच. पण गप्प बसणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. निम्म्या गल्लीला वर्षाची कांदा-लसूण चटणी आक्काच करून द्यायच्या, आणि उरलेल्या निम्म्या गल्लीला चटणी कशी करावी याचे सल्ले द्यायच्या. माझ्या खोलीसमोर मोठी गच्ची होती. तिथेच माझ्या वाटाण्याच्या कुंड्या होत्या. एक रांग कठड्याला लागून आणि एक मधोमध.

कुंड्या मांडल्या त्या दिवशी मी प्रत्येक कुंडीभोवती खडूने गोल कडं काढलं होतं. आक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"ह्ये काय गं? दृष्ट काढतीयास व्हय?"

"खूण आहे, आक्का. कुंडी केसभर जरी हलली तरी मला कळेल."

"आन् हलली तर?"

"तर माझं वर्ष पाण्यात गेलं म्हणून समजा. मग मी ही खोली सोडीन आणि विभागाच्या दारातच पथारी टाकीन."

मी गमतीत म्हणाले होते. आक्कांनी मान डोलावली आणि त्या खाली निघून गेल्या.

त्या शुक्रवारी मी जिन्यातच बसकण मारली आणि फोटो पायऱ्यांवर मांडले. प्रत्येक फोटोमागे कुंडीचा क्रमांक होता. घड्यांचे एका पायरीवर, कोरे दुसऱ्या पायरीवर. मांडता मांडता माझा हात थांबला. घड्यांचे सगळे फोटो कठड्याजवळच्या रांगेतले होते आणि कोरे सगळे मधल्या रांगेतले. एकही इकडचा तिकडे नाही. हयगय केली असती तर ती अशी रांग धरून झाली नसती.

मी दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. मावळतीचं ऊन अजून कठड्यावर होतं. खरं तर मी माझी झाडं अशा उजेडात आठवडाच्या आठवडा पाहिलीच नव्हती. पहाटे अंधुकात पाणी घालायचं आणि सायकल हाणायची, ती दिवेलागणीला परत यायचं. रविवारी तेवढी गच्चीवर असायची, पण तेव्हा लक्ष पानांवर. कुंडीच्या बुडाकडे कोण बघतो?

आता बघितलं. कठड्याजवळच्या कुंड्यांभोवतीची खडूची कडी पुसट झाली होती, कुठे कुठे तुटलीही होती. मधल्या रांगेची कडी मात्र पांढरीशुभ्र, ठसठशीत आणि माझ्या हातून जन्मात निघणार नाहीत इतकी गोल. मी बोट फिरवलं तर पूड हाताला लागली. खडू नव्हता तो, रांगोळी होती. आणि टोकाच्या कुंडीजवळ, त्या कड्याला लागून, हळदीची एक आणि कुंकवाची एक अशा दोन चिमटी.

"आक्का!"

"काय गं? मांजर शिरलं काय?" आक्का पदराला हात पुसत वर आल्या.

"हे कुंकू इथे कुणी घातलं?"

आक्कांनी कुंडीकडे पाहिलं, मग कुंकवाकडे, मग आभाळाकडे.

"वाऱ्यानं उडून आलं आसंल."

"वाऱ्याने आधी हळद आणली आणि मग कुंकू आणलं? आणि शेजारी शेजारी ठेवून गेला?"

आक्का खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"मोकळी रांगोळी सोडू न्हाई, पोरी. हात थांबला न्हाई बघ."

मग सगळं बाहेर आलं. संकेश्वरी मिरची आली की गच्चीभर पसरावी लागते. मधली रांग नेमकी आड यायची. मी सायकलवर टांग टाकली की आक्का आधी घरातलं उरकायच्या, आणि मग मधल्या रांगेतली एकेक कुंडी उचलून पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवायच्या. मिरच्या भरून झाल्या की कुंड्या परत जागेवर.

"रोज?" मी विचारलं.

"ऐतवार सोडून. ऐतवारी तू घरात आसतीस."

"आणि टाकीमागे ऊन येतं?"

"छ्या! गार सावली. म्हटलं, झाडास्नी बी तेवढाच इसावा." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाल्या, "पर परत ठेवताना केसभर हिकडं तिकडं केलं न्हाई बघ. तुझा गोल पुसला की मला धडकी भरायची. घरात खडू न्हवता, म्हणून रांगोळी घेतली. इतकं मन लावून तर मी गौरीपुढं बी काढत न्हाई."

माझ्या तोंडात आलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते. हिवाळाभर मी ज्या झाडांना लेकरांसारखं सांभाळलं, ती मिरच्यांपायी रोज उचलून नेली जात होती, आणि मी मूर्खासारखी मॅडमना शपथेवर सांगत होते की सगळ्यांना सारखंच ऊन मिळालं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि तसंच उघडं राहिलं.

सारखं ऊन मिळालं नव्हतं.

तेच तर होतं तिसरं कारण! सावलीतल्या पानात साखरच कमी तयार होणार. साखर कमी, तर ती नळीत भरायचं कामही कमी. मग ती हमालीण उगाच भिंतीला घड्या कशाला पाडत बसेल? आणि कठड्याजवळची रांग दिवसभर उन्हात तळत होती, साखरेचे ढीग लागत होते, म्हणून तिथल्या हमालिणींनी जागा मिळेल तिथे घड्या पाडल्या होत्या. माझे फोटो बिघडलेले नव्हतेच. ते मला ओरडून काहीतरी सांगत होते आणि मी बहिरी झाले होते.

"आक्का!" मी किंचाळले आणि त्यांना मिठीच मारली. आम्ही दोघी कोलमडून मिरच्यांच्या पोत्यावर आदळलो. तिखट नाकात गेलं आणि मला शिंकांवर शिंका यायला लागल्या. शिंकता शिंकता मी हसत होते.

"येड लागलं व्हय गं तुला?" आक्का घाबरल्या होत्या. "रागावलीस तर रागाव की. शिव्या दे. पर ही खोली सोडतीयास काय, तेवढं सांग."

पण मी तोवर फोटो घ्यायला जिन्याकडे धावले होते.

शनिवारी सकाळी मॅडमच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी फोटो पुन्हा रांगेप्रमाणे लावले, भिंग घेऊन बराच वेळ पाहिले, आणि त्यांचा आवाज हळूहळू वर यायला लागला तसा माझा जीव भांड्यात पडला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फार छान. पण समितीत बाहेरून प्राध्यापक टिळेकर येणार आहेत. ते म्हणतील, अंगाशी आलं म्हणून पोरीने आयत्या वेळी गोष्ट रचली. कुंड्या सावलीत होत्या याला साक्षी कोण?"

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आक्का चटणीसाठी लसूण सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"म्या केलंय ते म्या सांगीन. तुला का म्हणून बोलणी?"

सोमवारी आक्का ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन माझ्यासोबत विभागात आल्या. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेले. टिळेकर सर काडीसारखे बारीक होते आणि फोटो नाकाला लावून बघत होते. मॅडमनी भाकीत केलं होतं तसंच झालं. माझं ऐकून घेऊन ते म्हणाले, "गोष्ट सुरेख आहे. पण गोष्टच आहे."

"साक्षीदार बाहेर बसल्या आहेत, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

आक्का आत आल्या आणि सगळ्यांना नमस्कार करून खुर्चीच्या टोकावर बसल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "चूक माझी हाय, सायेब. पोरीला काय बी ठावं न्हवतं."

टिळेकर सर जरा गोंधळले. "आपण कुंड्या किती वाजता हलवायचात?"

"गिरणीचा भोंगा झाला की."

"आणि परत कधी ठेवायचात?"

"टाकीवरलं ऊन उतरलं की."

"म्हणजे किती तास?"

"आता त्ये तुमी मोजा की. मिरची वाळंस्तवर."

मॅडमना एकाएकी खोकला आला. टिळेकर सर हसले नाहीत. "रोज न चुकता?"

"ऐतवार सोडून रोज. मिरचीला शिस्त लागती, सायेब. दोन दिस आळस केला की बुरशी धरती."

"आणि कठड्याजवळच्या कुंड्या? त्या एकदाही हलवल्या नाहीत?"

"त्या कशाला हलवू? त्या कुठं माझ्या आड येत हुत्या?"

टिळेकर सरांनी काहीतरी टिपून घेतलं. त्यांच्या हातातला फोटो खाली आला तसा आक्कांना तो दिसला. त्या पुढे वाकल्या.

"आगं बया! ह्या तर निऱ्या हायत."

"पेशीची भिंत आहे ती," मी हळूच म्हणाले. "या पेशी पानातली साखर ओढून शेजारच्या नळीत भरतात. ही उन्हातल्या झाडाची. ही तुम्ही सावलीत ठेवलेल्या झाडाची."

आक्कांनी दोन्ही फोटो जवळ घेऊन पाहिले. "म्हंजी हिला काम लई म्हणून हिचं लुगडं नऊ वारी. आन् ही माझ्यापायी बसून ऱ्हायली, म्हणून हिला टॉवेल बी पुरला." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पर एक सांग. साखर समदी पुढंच देती, तर तिला खायाला कोण घालतंय?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी टिळेकर सरांकडे पाहिलं.

"शेजारच्याच घालतात," टिळेकर सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "पानातल्या बाकीच्या पेशी."

"मग बरं हाय," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोटो परत दिले.

तरी टिळेकर सरांनी सोडलं नाही. चष्मा काढून ते माझ्याकडे वळले. "हे बघा मुळीक, हा अपघात झाला. अपघात म्हणजे प्रयोग नव्हे. सावली मोजून देऊन हे पुन्हा करून दाखवता येईल का?"

"येईल, सर. पुढच्या हिवाळ्यात. दोन्ही रांगा…"

"पुढल्या हिवाळ्यात?" आक्का मधेच ताडकन उठल्या. "म्हंजी पोरगी ऱ्हाणार व्हय?"

आक्का सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. शुक्रवारपासून ही बाई जीव मुठीत धरून बसली होती आणि मी तिच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

"ते आम्ही आता ठरवणार आहोत," टिळेकर सर म्हणाले. त्यांचा आवाज चांगलाच मऊ झाला होता. "तुम्ही दोघी जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर आम्ही एकमेकींना खेटून बसलो. मी नखं खात होते. आक्का पिशवीवर दोन्ही हात ठेवून देवाचं काहीतरी पुटपुटत होत्या. उरलेले दोन उमेदवार एकेक करून आत जाऊन आले. अखेर दार उघडून कारखानीस मॅडम बाहेर आल्या.

"मुळीक, पुढच्या हिवाळ्यात सावलीचे तास घड्याळ लावून मोजायचे. मिरच्यांवर नाही."

मॅडमनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी आक्कांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "आणि त्या पिशवीतून मघापासून लसणाचा वास येतोय. ती चटणी कुणासाठी आहे?"

"रागावला आसता तर तुमच्यासाठी हुती," आक्का म्हणाल्या. "आता हासताय, तर बी तुमच्यासाठीच."

घरी परतताना मी सायकल हातात धरून चालत होते आणि आक्का बरोबर होत्या. खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. हे इतकं नवलाचं होतं की मीच विचारलं, "काय झालं, आक्का?"

"म्याडम निस्तं घड्याळ आन् मिरच्या बोलल्या. नक्की काय ठरलं?"

"जागा मिळाली. आणखी तीन-चार वर्षं तरी मी इथेच."

"आन् खोली?"

"खोली कुठे जाते? माझं सगळं त्या गच्चीवरच तर आहे."

आक्कांनी नुसता हुंकार दिला आणि झपाझप पुढे चालायला लागल्या. गल्लीच्या तोंडाशी भेटलेल्या पहिल्याच बाईला त्यांनी सांगितलं की आमची वैजू आता मोठी डॉक्टरीण होणार, पण झाडांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागात जायला दार उघडलं आणि पाऊल उंबऱ्यावरच अडखळलं. बाहेर काढून ठेवलेल्या माझ्या चपलांभोवती रांगोळीचं एक कडं होतं. पांढरंशुभ्र, ठसठशीत, माझ्या हातून जन्मात निघणार नाही इतकं गोल. कडेला हळदीची एक आणि कुंकवाची एक अशा दोन चिमटी.

जिन्याखालून आक्कांचा आवाज आला.

"केसभर जरी हलल्या तरी मला कळंल, बरं का!"